डबी गेली

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

आधी बातमी सांगतो, मग काय रागवायचं ते रागव. आपली डबी, गाडीमागे जोडून सहलीला न्यायचो ती छप्पर वर उचलायची झोपायची ट्रेलर, काल गेली. "बाबा, मी आल्याशिवाय तिला हात लावू नका," असं तू बजावलं होतंस आणि मी हो म्हटलं होतं. ते मी पाळलं नाही. फोनवर सांगायला घेतलं असतं तर तू एक प्रश्न विचारला असतास, मी दोन सबबी दिल्या असत्या आणि गाडी हवापाण्यावर गेली असती. म्हणून लिहितोय.

तुला आठवत असेल, तुझ्या बाजूच्या पलंगावर छपराच्या कोपऱ्यात एक पिवळट डाग होता. तू त्याला ससा म्हणायचीस. तो ससा पाच-सहा वर्षांपूर्वी वाढायला लागला. बाहेर पडवीचं कापड अडकवायची जी पट्टी स्क्रूंनी बसवलेली होती, तिच्या एका स्क्रूच्या भोकातून पाणी आत जात होतं. हे मला तेव्हाच कळलं होतं. करायला काय हवं होतं तेही माहीत होतं: पट्टी पूर्ण काढायची, लाकूड वाळू द्यायचं, जुना चिकटा खरवडायचा, खाली ब्यूटाइलची, म्हणजे चिकट रबराची, पट्टी घालून मग स्क्रू आवळायचे. दोन दिवसांचं काम. मी काय केलं? शिडी लावली आणि वरून सिलिकॉन फासलं. पाच मिनिटांत खाली. आई म्हणालीसुद्धा, "झालं एवढ्यात?" मी म्हटलं, झालं.

वरून फासलेल्या सिलिकॉननं पाणी आत यायचं पुरतं थांबत नाही, उलट आत गेलेलं बाहेर पडायचं थांबतं. स्क्रू गंजतो, भोक सैल होतं, लाकूड ओलं राहतं. आतल्या बाजूला डाग दिसतो तेव्हा तो शेवटचा अंक असतो, नाटक कधीच सुरू झालेलं असतं. गेल्या महिन्यात मी कोपऱ्यात पेचकसाचं टोक टेकवलं. दाबलंही नाही, नुसतं टेकवलं. भिजलेल्या साबणात जावं तसं ते मुठीपर्यंत आत गेलं.

दुसरीकडे कुठे असतं तर मी आणखी चार वर्षं डोळेझाक केली असती. पण आपल्या डबीचं छप्पर चार कोपऱ्यांतल्या चार खांबांवर उचललं जायचं, आणि त्यातल्या एका खांबाचं टोक नेमकं त्याच कुजलेल्या लाकडात बसलेलं होतं. ते सटकलं असतं तर सगळं छप्पर खाली झोपलेल्यांवर आलं असतं. एक कुटुंब ती विकत घ्यायची म्हणून बघायला आलं होतं, दोन लहान मुलं बरोबर. मुलं आत शिरून लगेच पलंगांवर नाचायला लागली. धाकटीनं कोपऱ्यातल्या डागाकडे बोट दाखवून विचारलं, हे काय? मी त्यांच्या आईवडिलांना हात जोडले आणि म्हटलं, ही देण्यासारखी नाही. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याचा जीव अडकलाय. तोही अडकलाच होता म्हणा.

शेवटी एक मुलगा भेटला, वेल्डिंगचं काम करणारा. त्याला फक्त खालचा सांगाडा हवा होता. सांगाडा, आस आणि चाकं शाबूत होती, कारण बेअरिंगना दरवर्षी ग्रीस भरायचं काम मात्र मी कधी चुकवलं नाही. (माणूस जे काम आवडतं तेच इमानानं करतो. शिडीवर चढायचा मला पहिल्यापासून कंटाळा.) सामान वाहायचा ट्रेलर करणार आहे तो तिचा.

आला तो सरळ चाकापाशी जाऊन बसला. टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचले: 3114. म्हणजे 2014 सालचा 31वा आठवडा. "काका, नक्षी नव्यासारखी आहे, पण वय झालंय यांचं. कडांना बघा, भेगा पडल्यात. हे बदलूनच नेईन." वर्षातून दोन-तीनदाच फिरणारे टायर झिजून मरत नाहीत, उभ्या उभ्या मरतात. मी डोक्यावरची टोपी सारखी केली.

मग छप्पर उचलायचं होतं, आतलं सामान काढायला. मी दांडा आणला. तू पाच वर्षांची होतीस तेव्हा हा दांडा दोन्ही हातांनी धरून, पाय जमिनीवरून उचलले जातील इतका जोर लावून फिरवायचीस आणि मोठ्यानं मोजायचीस. दादाला तो मान द्यायला तू तयार नसायचीस. अठ्ठावीसपर्यंत अगदी खणखणीत, आणि मग एकदम तीस. एकोणतीस तुझ्या हिशेबात नव्हतंच. मी आणि आईनं शंभरदा सांगितलं असेल. तू म्हणायचीस, "त्यात तीस आहे ना, मग तीसच म्हणायचं." यावर काय बोलणार? मग माझे फेरे एक्केचाळीस भरायचे आणि तुझे बेचाळीस, आणि दरवेळी त्यावरून भांडण. तू शाळेत एकोणतीस शिकलीस, एकोणचाळीस, एकोणपन्नासही शिकलीस, पण डबीपाशी आलीस की पुन्हा तेच. कॉलेजात गेल्यावरसुद्धा. तेव्हा तू ते मुद्दाम करत होतीस हे मला कळत होतं.

पहिली रात्र आठवते का तुला? नसेल. पहाटे आई दचकून उठली, कपाळावर थेंब पडला म्हणून. मी बॅटरी घेऊन बाहेर पळालो. बाहेर आभाळ स्वच्छ, चांदणं पडलेलं, पावसाचा मागमूस नाही. आत मात्र छपराला टपोरे थेंब लटकलेले. थंडी म्हणून मी सगळ्या खिडक्या गच्च लावल्या होत्या, आणि चौघांचा रात्रभराचा श्वास गार पत्र्याला लागून पाणी झाला होता. सकाळी तुला समजावलं तर तू म्हणालीस, "म्हणजे आपण चौघांनी मिळून पाऊस पाडला." त्यानंतर कितीही गारठा असो, एक खिडकी चार बोटं उघडी ठेवूनच आपण झोपलो.

आणि तो फ्रीज! खाली ज्योत पेटवायची आणि वर गार व्हायचं. तू दोन दिवस माझ्या मागे होतीस, आगीनं गार कसं होतं? मला काय माहीत? मग पुस्तक काढून बसलो. 1922 मध्ये स्टॉकहोमच्या तंत्रविद्यालयातल्या दोन विद्यार्थ्यांनी, बाल्ट्झर फॉन प्लॅटन आणि कार्ल मुंटर्स यांनी, ही युक्ती काढली. ज्योतीच्या उष्णतेनं पाण्यात मुरलेला अमोनिया वाफ होऊन वर चढतो, नळीत निवून पातळ होतो, मग हायड्रोजनच्या संगतीत पुन्हा वाफ होतो आणि तसं होताना आतली उष्णता ओढून घेतो. नंतर परत पाण्यात मुरतो आणि फेरी पुन्हा सुरू. आत पंप नाही, मोटर नाही, हलणारा एकही भाग नाही. सगळं खाली वाहणाऱ्या द्रवाच्या भरवशावर, म्हणून डबी तिरकी असली की फ्रीज रुसायचा. तुला एवढंच पटलं की डबी सरळ उभी पाहिजे, आणि ते काम तू उचललंस. पाणसळ जमिनीवर ठेवून पोटावर पालथी पडायचीस. "बाबा, बुडबुडा आईकडे गेला. आता माझ्याकडे आला." तुझ्या हुकमाशिवाय एकाही चाकाखाली फळी सरकायची नाही.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. तू सहा-सात वर्षांची असशील. निघायची घाई होती, म्हणून सायकली, पाण्याचे कॅन, तंबूच्या सळया, सगळं मी डबीच्या मागच्या टोकाला कोंबलं. ट्रेलरच्या वजनाचा निदान दहावा हिस्सा पुढे हिचच्या गोळ्यावर, म्हणजे गाडीला जोडतो त्या ठिकाणी, यायला हवा, हे मला ऐकून माहीत होतं, मनावर घेतलं नव्हतं. लांबच लांब उतार लागला. आरशात बघतो तर डबीचं शेपूट डावीकडे, मग उजवीकडे, आणि दर झोक्याला जास्त. पाय ब्रेककडे गेलाच होता, कसा कोण जाणे आवरला. नुसता वेगाचा पाय सोडला आणि चाक सरळ धरून राहिलो. दहा सेकंद असतील. आईनं माझ्याकडे पाहिलंही नाही, फक्त दाराची मूठ धरली. तुम्ही दोघं मागच्या सीटवर तोंड उघडी टाकून झोपला होता. पुढे थांबून सगळं सामान उपसलं आणि जड ते आसाच्या थोडं पुढे घेतलं. तुम्ही उठल्यावर विचारलंत, का थांबलो? मी म्हटलं, पाय मोकळे करायला.

रिव्हर्स शिकवला तो दिवस मात्र तुला आठवत असणार. स्टिअरिंगच्या चाकाच्या तळाशी हात धर आणि शेपूट जिकडे न्यायचं तिकडे हात ने, एवढंच सांगितलं होतं. आखूड ट्रेलर लांब ट्रेलरपेक्षा वाईट, तो बघता बघता कोयत्यासारखा मिटतो. मला जमायला तीन वर्षं लागली आणि तीन वर्षं आई मागे उभी राहून "येऊ दे, येऊ दे, येऊ दे" म्हणत मला झाडात घालत होती. तू चौथ्या खेपेला दोन खुणांच्या मधोमध लावलीस. मी शाबासकी दिली, पण मनातून थोडा चिडलो होतो. आज कबूल करतो.

तर, काल त्या मुलानंच दांडा फिरवला. माझा खांदा हल्ली ऐकत नाही. छप्पर कण्हत वर गेलं. आतून तोच वास, कॅनव्हासचा आणि बंद दिवसांचा. खणांमागून काय काय निघालं: चौकटची राणी, जिच्यावाचून आपण दहा वर्षं जोकरला राणी समजून खेळलो. दादाचा हरवलेला मोजा. ओल्या कॅनव्हासला आतून बोट लावू नका अशी माझ्या अक्षरातली पाटी, आणि तिच्याखाली तुझ्या अक्षरात, "बाबांनीच लावलं."

कोपऱ्यातला ससा मी कापून ठेवणार होतो. करवत लावली तर हातात भुसा आला.

दुपारपर्यंत आम्ही दोघांनी वरचं सगळं सुटं केलं. आई मधून मधून येऊन बघून जात होती, काही बोलली नाही. नंतर पाहिलं तर खिडक्यांचे पडदे तिनं कधीच काढून नेले होते. नुसता सांगाडा उरला तेव्हा ती डबी वाटेचना, आणि खरं सांगू, त्यामुळे बरं गेलं. त्यानं गाडी जोडली, साखळ्या अडकवल्या, मी सवयीनं मागे जाऊन दिवे बघितले. डावा लागत नव्हता. प्लगची पिन पुसून पुन्हा बसवली तेव्हा लागला.

जाताना त्यानं सहज विचारलं, "काका, छप्पर पूर्ण वर जायला किती फेरे झाले हो? मी मोजलेच नाहीत."

मी म्हटलं, बेचाळीस.

तुझा,
बाबा

ता. क. दांडा आणि पाणसळ तुझ्या टेबलाच्या खालच्या खणात आहेत. दांड्याला ग्रीस आहे, कपड्यांना लावू नकोस. आई म्हणते, पडद्यांचं काय करायचं ते तू आल्यावर ठरवू. या खेपेला खरंच थांबतो.