निळी रात्र हरवलेला ‘नोस्फेरातू’

महोदय,

१९२२चा जर्मन मूकपट ‘नोस्फेरातू’ पाहणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे, की मूळ रंगछटा परत दिलेली प्रतच शोधा. त्यातली रात्रीची दृश्ये दिवसाउजेडी चित्रित करून फिल्मला निळी छटा दिलेली होती. ती छटा उडालेल्या काळ्या-पांढऱ्या प्रतीत त्यातलं पिशाच्च, काउंट ऑरलॉक, भर उन्हात शवपेटी घेऊन हिंडतो! आणि सूर्यप्रकाशाने पिशाच्च नष्ट होतं, ही कल्पना तर याच चित्रपटाने रुजवली.

दिग्दर्शक मुर्नाव यांनी नुसत्या रंगवलेल्या पडद्यांवर भिस्त न ठेवता विस्मार, ल्युबेकसारख्या खऱ्या गावांत चित्रण केलं. जंगलातल्या बग्गीच्या प्रवासात तर त्यांनी काळं-पांढरं उलटं दाखवणारी निगेटिव्हच वापरली. झाडं पांढरीफटक होतात. आणि तो जिना! ऑरलॉक दिसतच नाही. भिंतीवरून फक्त त्याची सावली वर चढते, कुबड काढलेली, लांबलचक बोटांची. शंभर वर्षांनंतरही अंगावर काटा येतो.

‘ड्रॅक्युला’ कादंबरीवरून विनापरवानगी बेतल्यामुळे तिचे लेखक ब्रॅम स्टोकर यांच्या पत्नीने दाद मागितली आणि १९२५मध्ये न्यायालयाने सगळ्या प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला. काही प्रती त्यातूनही वाचल्या, म्हणूनच आज आपल्याला ही सावली पाहता येते.

– एक चित्रपटप्रेमी वाचक, पुणे