‘विकेड’ हे मुलांचं पुस्तक नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

२०२४ ला ‘विकेड’चा सिनेमा आला तेव्हापासून ग्रेगरी मॅग्वायरची कादंबरी घरोघरी यायला लागलीये, एका दुकानात तर ती मुलांच्या पुस्तकांत ठेवलेली पाहिली म्हणून लिहितोय. सिनेमा २००३ च्या म्युझिकलवरून केलाय, कादंबरी त्याच्याही आधीची, १९९५ ची, आणि ती मोठ्यांसाठी आहे, त्यात सेक्स आहे, खून आहेत. मोठ्यांनी मात्र जरूर वाचावी.

मूळ गोष्ट एल. फ्रँक बॉमची, ‘द वंडरफुल विझर्ड ऑफ ऑझ’, १९०० सालची. त्यात डोरोथी नावाची मुलगी बादलीभर पाणी टाकते आणि पश्चिमेची दुष्ट चेटकीण विरघळते, संपलं. मॅग्वायर तिला एल्फाबा हे नाव देतो (बॉमच्याच आद्याक्षरांवरून) आणि ती हिरव्या कातडीची जन्मते तिथपासून सुरुवात करतो. हिरवा रंग बॉमच्या पुस्तकात नव्हताच, तो त्यावरच्या १९३९ च्या सिनेमातला. कर्णाच्या बाजूनं महाभारत वाचलेल्या आपल्या लोकांना ही पद्धत ओळखीची वाटेल, पण इथे लेखक तिला बिचारी करत नाही, ती फटकळ आहे, हट्टी आहे, आणि म्हणूनच खरी वाटते.

सगळ्यात भारी भाग एल्फाबाच्या कॉलेजचा. डॉ. डिलामंड हा बोलणारा, शिकलेला बोकड तिथे प्रोफेसर आहे आणि माणूस अन् प्राणी यांच्यात शरीरानं नक्की काय फरक असतो यावर त्याचं संशोधन चाललंय, तिकडे ऑझ देशावर राज्य करणाऱ्या विझर्डचं सरकार अशा प्राण्यांच्या फिरण्यावर, कामावर एकेक बंदी आणतंय. एक दिवस त्याचा गळा कापलेला सापडतो आणि सांगितलं काय जातं, तर भिंग फुटलं, अंधारात त्याच्यावर पडला, काच लागली. बहुतेक जण ते मान्य करून पुढच्या तासाला बसतात! एल्फाबा पुढे बंडखोर का होते ते इथेच कळतं.

आणि नेमकी ती बंडखोर झाली की लेखक आपल्याला तिच्यापासून लांब नेतो. मधली वर्षं गाळून टाकतो, भूमिगत चळवळीत ती काय करते ते तिचा प्रियकर फियेरो याच्या नजरेतून तुकड्या तुकड्यांत दिसतं, मग मठातली वर्षंही अशीच निघून जातात. पुढे डोंगरातल्या किल्ल्यात ती फियेरोच्या बायकोची माफी मागायला जाते, ती बाई काही ऐकूनच घेत नाही, कल्पना जबरदस्त आहे पण तो भाग इतका रेंगाळतो की मला पानं उलटावीशी वाटली. कॉलेजातल्या ग्लिंडाशी तिची मैत्री, जिच्यासाठी सिनेमा पाहून लोक पुस्तक घेतात, ती तर कॉलेजनंतर जवळजवळ गायबच होते.

तरी शेवटचा प्रसंग वाचा. (शेवट नको असेल त्यांनी हे सोडा.) डोरोथी मारायला आलेलीच नसते, एल्फाबाच्या बहिणीच्या मृत्यूबद्दल माफी मागायला आलेली असते, आणि जिला स्वतःला कधी माफी मिळाली नाही त्या एल्फाबाला ते सहन होत नाही. तिच्या कपड्यांना आग लागते आणि पोरगी पाणी ओतते ते तिला वाचवायला. बॉमचं पाणी आणि चेटकिणीचा शेवट तसाच ठेवून मॅग्वायरने पूर्ण अर्थ फिरवलाय.

आपल्या पुरवणीत पुस्तकांची ओळख येते तिथे ‘मोठ्यांसाठी’ एवढं स्पष्ट छापा ही विनंती. मुलांना द्यायचं असेल तर बॉमचं मूळ पुस्तक द्या, ते नेटवर फुकट मिळतं.

आपला,
एक वाचक, पुणे