भाजलेल्या दगडावर ब्रेकर चालवण्यापूर्वी : नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय नगरविकास व आवास मंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

विषय : इंदूरच्या राजवाड्याभोवती खोदकाम वा तोडकाम करण्यापूर्वी आगीत सापडलेल्या जुन्या दगडी कामाची तपासणी करण्याबाबत.

महोदय,

स. न. वि. वि.

या पत्राची हिंदी प्रत आपल्या कार्यालयाकडे टपालाने पाठवली आहे. मराठीत ते उघडपणे प्रसिद्ध करतो आहे, कारण होळकरांच्या या शहरात राजवाड्याची काळजी आमच्या घरांतून आजही आधी मराठीतच बोलली जाते. मी अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेत खडी आणि दगड तपासण्यात नोकरीची सगळी वर्षे घालवली, तेवढ्याच अधिकाराने लिहीत आहे.

राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी. १८०१ मध्ये शिंद्यांचे सरदार सर्जेराव घाटगे यांनी इंदूर लुटले तेव्हा तो जळाला आणि १९८४ च्या दंगलीत पुन्हा जळाला. पुढे दुरुस्ती झाली, आतल्या बाजूचे काम नव्याने उभे राहिले, आणि आज चौकातून पाहणाऱ्याला आगीची खूण सापडत नाही. चिंता वाटते ती नेमकी याच गोष्टीची. दगड जळत नाही, हे खरे. पण भाजलेला दगड पूर्वीचा दगड राहत नाही.

त्याचे कारण दगडाच्या घडणीतच आहे. दगड म्हणजे निरनिराळ्या खनिजांच्या कणांचा घट्ट गुंता असतो, आणि तापल्यावर प्रत्येक खनिज आपल्या मापाने व आपल्या दिशेने फुगते. त्या ओढाताणीत कणांच्या सांध्यांवर डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात आणि दगड थंड झाला तरी त्या मिटत नाहीत. ग्रॅनाइट किंवा वालुकाश्मातले क्वार्ट्झ ५७३ अंश सेल्सिअसला आपली रचना बदलून एकदम फुगते, म्हणून त्या तापमानापलीकडे असे दगड झपाट्याने दुबळे होतात. माळव्याच्या काळ्या बेसाल्टात क्वार्ट्झ जवळजवळ नसते, त्यामुळे तो या एका संकटातून सुटतो. मात्र त्याच्या पोकळ्यांत बसलेली झिओलाइटसारखी पाणीदार खनिजे तापली की पाणी सोडतात आणि भोवतालचा दगड सैल होतो. इमारतींच्या अग्निपरीक्षेसाठी जो प्रमाण तापक्रम वापरतात, त्यात पहिल्या अर्ध्या तासातच तापमान ८४० अंशांच्या पुढे जाते. दगड उष्णतेचा मंद वाहक असल्याने बाहेरचे काही बोटे जाडीचे कवच तापते आणि गाभा थंड राहतो. अशा वेळी वरून बंबाचे पाणी पडले तर कवच आणि गाभा यांची फारकतच होते. आग विझवणाऱ्यांना मी दोष देत नाही. माणसे आधी, दगड नंतर. दगड उष्णतेपुढे हार मानतो हे खाणीतल्या जुन्या माणसांना चांगलेच ठाऊक होते, आणि कर्नाटकातल्या हट्टीच्या प्राचीन सोन्याच्या खाणी विस्तवाने खडक तडकवत खणल्या गेल्या. सांध्यांतल्या चुन्याची गत तर आणखी वाईट : फार तापलेला चुना पुन्हा कळीचा होतो आणि ओल लागली की त्याचा भुगा होतो.

आता ठोक्यांविषयी. खडीचा कणखरपणा पाहण्याची आपली एक साधी चाचणी आहे. नळकांड्यात खडी भरायची, सुमारे चौदा किलोचा हातोडा ३८० मिलिमीटरवरून पंधरा वेळा सोडायचा आणि २.३६ मिलिमीटरच्या चाळणीतून किती चुरा गळतो ते तोलायचे. विद्यार्थी दरवर्षी विचारत, एकदाच जोरात का मारत नाही? कारण रस्त्यावरची खडी एका घावाने मरत नाही. दाब सोसायची दगडाची जी ताकद असते, तिच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याइतकी ताण सोसायची असते. म्हणून स्वतःहून काहीच न मोडणारा ठोकासुद्धा आधीच्या भेगेचे टोक केसभर पुढे ढकलू शकतो, आणि पुढचा ठोका तिथून सुरुवात करतो. भेगा आधीच पेरलेल्या असतील, तर हे काम फार स्वस्तात होते.

आमच्या रामबागेतल्या जुन्या घरी न्हाणीघराच्या चुलीला काळ्या दगडांचा घेर होता. घर पाडले तेव्हा त्यातला एक दगड आणि त्याच जातीचा, अंगणातल्या पायरीचा एक दगड मी बाजूला ठेवला. पायरीच्या दगडावर छोटी हातोडी टेकवली की खणखणीत आवाज येई. चुलीचा दगड मडके फुटके असावे तसा बद्द वाजे, आणि दहा-बारा हलक्या ठोक्यांत त्याच्या कडेची पापडी सुटून हातात आली. दिसायला दोघे सारखेच होते, चुलीचा थोडा तांबूस इतकेच.

काही महिन्यांपूर्वी शहरातल्याच एका जुन्या दगडी इमारतीच्या अगदी पायाशी फरशी उखडायला ब्रेकर, म्हणजे ठोके मारून दगड फोडणारे यंत्र, लावलेले मी पाहिले. मिनिटाला काही शे ठोके, दिवसभर. भिंतीतल्या सांध्यातून पिवळट भुकटी गळत होती आणि मुकादम ती झाडून घेत होता. मी हटकले तेव्हा उत्तर मिळाले, "काका, दगड आहे, त्याला काय होतंय?"

राजवाड्याजवळून मेट्रोचा भुयारी मार्ग नेण्याची चर्चा बरीच वर्षे चालू आहे. तो व्हावा की न व्हावा, या वादात मी शिरत नाही. मेट्रो नसली तरी ड्रेनेज, केबल आणि फरशी यांसाठी ब्रेकर येतोच. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकात ऐतिहासिक वास्तूंजवळच्या सुरुंगांसाठी कंपनवेगाची, म्हणजे हादऱ्याने जमीन किती वेगाने हलावी याची, मर्यादा आहे. आठ हर्ट्झखालच्या, म्हणजे सेकंदाला आठपेक्षा कमी हेलकावे घेणाऱ्या, कंपनांना ती सेकंदाला अवघी दोन मिलिमीटर आहे. परंतु सुरुंग दिवसातून एखाद-दोनदा उडतो, ब्रेकर सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालतो. एकेक ठोका मर्यादेत बसला म्हणून हजारोंची बेरीजही बसली, असे भाजलेल्या दगडाच्या बाबतीत म्हणता येत नाही.

म्हणून माझी विनंती अशी की, परिसरातल्या कोणत्याही कामाची निविदा काढण्यापूर्वी दगडी मजल्यांची ध्वनिलहरींनी तपासणी करून घ्यावी. निकोप, भरीव बेसाल्टातून लहर सेकंदाला पाच-सहा किलोमीटर धावते, भेगाळलेल्यातून ती मंदावते, आणि एकही दगड न काढता प्रत्येक थराचा नकाशा तयार होतो. सिमरोलला आयआयटी आहे, शहरात जुने अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. बाहेरून माणसे आणण्याची गरज नाही. जिथे लहर मंद आढळेल त्या भिंतींच्या लगत ब्रेकरला बंदी करून करवतीने किंवा हातानेच काम करण्याची अट निविदेत घालावी, आणि कंपनांच्या नोंदीत वेगाबरोबर ठोक्यांची दैनंदिन संख्याही लिहिली जावी. नकाशा तयार झाला की तो महापालिकेच्या फलकावर लावावा, म्हणजे पुढचा मुकादम तरी तो वाचून हातोडा उचलेल.

चुलीचा तो दगड अजून माझ्याकडे आहे. आपल्या अधिकाऱ्यांपैकी कोणाला तो वाजवून पाहायचा असेल, तर मी तो घेऊन भोपाळला येईन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्रयोगशाळा-शिक्षक,
रामबाग, इंदूर