आमच्या दारात उभ्या राहिलेल्या ताईंना

प्रिय ताई,

हे पत्र मराठीत आहे, म्हणून इंग्रजी प्रत वेगळी पाठवते आहे. मराठीत लिहायचं कारण एवढंच की 2020 च्या मार्च-एप्रिलात, कोरोनाच्या दिवसांत, गावाकडून रोज एकच प्रश्न यायचा, "तिथं तुमचं कोण आहे गं?" त्या प्रश्नाचं नीट उत्तर माझ्या माणसांना द्यायचं राहून गेलंय. आज ते देते. तुमचं आणि तुमच्या आयरिश केंद्राचं नाव तुमच्या इच्छेप्रमाणे गाळलं आहे.

वाचणाऱ्यांना आधी जागा सांगते. लंडनच्या वायव्येला क्रिकलवूड, किलबर्न, डॉलिस हिल असे लागून लागून भाग आहेत. 1932 साली सुरू झालेल्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू डॉलिस हिल लेनवर आहे, त्यामुळे गणपतीला येणाऱ्या मराठी माणसांना हा परिसर पाठ असतो. पण इथं आपल्या आधीपासून आयरिश माणसांची वस्ती आहे. 1950 च्या दशकात आयर्लंडमधून चार लाखांवर माणसं बाहेर पडली, त्यातली बहुतेक इंग्लंडला आली. पोरी इस्पितळांत नर्स झाल्या, पोरांनी रस्ते, बोगदे, इमारती बांधल्या. क्रिकलवूड ब्रॉडवेवर 'द क्राउन' नावाचा जुना पब होता. त्याच्यासमोर पहाटे ही पोरं उभी राहायची, मुकादमाची गाडी येऊन हवी तेवढी माणसं उचलून न्यायची. त्याच रस्त्यावर 1952 पासून गॅल्टीमोर हा नाचाचा हॉल होता. शनिवारी रात्री तिथं गाव भेटायचं. तो 2008 साली बंद पडला.

मी मालवण तालुक्यातली. मुंबईच्या चाकरमान्यानं पाठवलेल्या मनीऑर्डरीवर चुली पेटलेली घरं मी पाहिली आहेत, त्यामुळे या माणसांची गोष्ट मला कुणी समजावून द्यावी लागली नाही. तीच खोली, तीच बचत, तेच "पुढच्या वर्षी कायमचा येतो" म्हणत सरलेलं आयुष्य. फरक इतकाच की रोखीनं मजुरी घेतल्यामुळे यांच्यातल्या अनेकांच्या नावावर विम्याचे हप्ते पडलेच नाहीत. म्हातारपणी पेन्शन तुटपुंजी, लग्न न झालेलं, आणि राहायला भाड्याची एक खोली.

आमच्या घराच्या तळमजल्यावर असेच एक आजोबा राहतात. आयर्लंडच्या मेयो परगण्यातले, सतराव्या वर्षी बोटीनं आलेले. वरच्या मजल्यावर आम्ही तिघं.

20 मार्चला पब बंद झाले. आपल्याकडे अनेकांना यात विशेष काही वाटणार नाही, पण एका खोलीत राहणाऱ्या माणसाची बैठकीची खोली म्हणजे पब. तिथं तो जेवतो, पेपर वाचतो, चार दिवस दिसला नाही तर तिथंच कुणीतरी विचारतं, "अरे, तो कुठाय?" त्याच सुमाराला चर्चमध्ये रविवारची मिस्सा थांबली. 23 मार्चला सगळंच थांबलं. आजोबांची चौकशी करणारी दोन्ही दारं एका आठवड्यात बंद झाली होती. आणि मग तुमचा फोन सुरू झाला.

ताई, तुमच्या शाळेचं स्वयंपाकघर बंद झालं म्हणून तुम्ही आयरिश केंद्रात मदतीला गेलात, हे मला नंतर कळलं. तेव्हा कळत होता तो फक्त फोन. आजोबांना कमी ऐकू येतं, ते स्पीकर मोठा ठेवतात, आणि जुन्या घराच्या फळ्यांमधून तुमचं बोलणं वर यायचं. "काही हवंय का?" असं तुम्ही कधीच विचारलं नाही. त्या पिढीचं उत्तर तुम्हाला ठाऊक होतं: काही नको, मी झकास आहे. माझे बाबासुद्धा ताप अंगात असताना "बरो आसंय" म्हणायचे. तुम्ही विचारायचात, "आज बटाटे कुठले उकडले? अजून त्या कोपऱ्यावरच्या दुकानात चांगले मिळतात का?" आजोबा सांगायचे की तिकडे बरेच दिवस जाणं झालं नाही. तेवढ्यावरून तुम्ही ओळखलंत की घरात बटाटे नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी दारात पिशवी होती. मग मेयोचा फुटबॉल, तिथल्याच बेलमलेटचं वारं, कुणाची गाय व्याली. एवढं सगळं झाल्यावर जाता जाता औषधाच्या गोळ्यांचा विषय. इतक्या निगुतीनं केलेली विचारपूस मी त्याआधी ऐकली नव्हती.

नंतर जेवण यायला लागलं. चांदीच्या कागदाच्या ट्रेमध्ये बटाटे, कोबी, उकडलेलं मांस, वर पुठ्ठ्याचं झाकण आणि त्यावर जाड मार्करनं आजोबांचं नाव, खाली 'मऊ'. कारण त्यांच्या दातांची कवळी सैल झाली होती आणि दंतवैद्यांचे दवाखाने बंद होते.

एप्रिलमध्ये माझ्या नवऱ्याला ताप आला. तो मागच्या खोलीत, मी आणि मुलगी पुढच्या खोलीत, आणि सामान आणायलाही बाहेर पडता येत नव्हतं. तुम्ही ट्रे ठेवून फाटकापाशी उभ्या राहिलात, वर पाहिलंत आणि खोकल्याचा आवाज ऐकलात. दुसऱ्या दिवशी दोन पिशव्या होत्या. दुसरीवर लिहिलं होतं, 'वरचा मजला, मांस नाही'. आम्ही शाकाहारी आहोत हे आजोबांनी सांगितलं असणार. गाजराचं सूप, घरचा सोडा ब्रेड, मुलीसाठी टेटोचे वेफर्स. पूर्ण बरं होईपर्यंत ती दुसरी पिशवी येत राहिली. तुमचं केंद्र आयरिश माणसांसाठी आहे, यादी त्यांची, पैसा त्यांच्यासाठी आलेला. तरी तुम्ही एक शब्द विचारला नाहीत. मी संकोचून काही बोलले, तर तुम्ही म्हणालात की एकाच घरातला एक मजला उपाशी ठेवून दुसऱ्याला जेवू घालायला आईनं शिकवलं नाही.

आता बाबांविषयी.

बाबा आणि आजोबा यांची दोस्ती फोनवरची. त्याला कारण लिओ वराडकर. ते तेव्हा आयर्लंडचे पंतप्रधान होते. त्यांचे वडील डॉक्टर, मालवण तालुक्यातल्या वराडचे. आई नर्स, वॉटरफर्ड परगण्यातल्या डंगार्व्हनची. दोघं भेटले इंग्लंडमध्ये नोकरी करताना. 2019 च्या डिसेंबरात लिओ वराडकर वराडला आले, तेव्हा बाबा खास बघायला गेले होते. पुढे मार्चमध्ये त्यांनी डॉक्टर म्हणून पुन्हा नोंदणी केली आणि आठवड्यातून एक सत्र फोनवर रुग्णांना सल्ला देऊ लागले, ही बातमी एप्रिलमध्ये बाबांनीच मला आधी सांगितली. मग फोन स्पीकरवर ठेवून जिन्यातून आजोबांना. "तुमचो पंतप्रधान आमच्या शेजारच्या गावचो," असं मालवणीत, आणि मी भाषांतर करायची. आजोबा खालून ओरडून म्हणायचे की मग तुमच्या तालुक्याला मेयोचं सदस्यत्व देऊन टाकतो.

त्याच महिन्याच्या अखेरीस एका पहाटे दादाचा फोन आला. बाबा झोपेतच गेले. भारतात येणारी आंतरराष्ट्रीय विमानं मार्चपासून बंद होती. तिकीट शोधण्याचासुद्धा प्रश्न नव्हता. नवरा मागच्या खोलीत, मुलगी झोपलेली. मी जिन्यात बसून रडले, कारण तिथं आवाज कुणाला जाणार नाही असं वाटलं.

आजोबांना गेला. ज्यांना समोरचं बोलणंही नीट ऐकू येत नाही, त्यांना तो ऐकू आला. आणि ज्या माणसानं स्वतःसाठी आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नव्हतं, त्यानं पहाटे तुम्हाला फोन लावला आणि म्हटलं, या, वरच्या मुलीकडे कुणी नाही.

तिकडे अकरा वाजता नेणार होते, म्हणजे इथले सकाळचे साडेसहा. सव्वासहाला तुम्ही फाटकापाशी होतात. तुमची आई त्याच मार्चमध्ये आयर्लंडमधल्या रॉसकॉमनला वारली होती आणि तिचे अंत्यविधी तुम्ही चर्चच्या कॅमेऱ्यातून पाहिले होते. आयर्लंडच्या कितीतरी खेड्यांतल्या चर्चमध्ये असे कॅमेरे आहेत, परदेशातली लेकरं एरवीही रविवारची मिस्सा त्यावर बघतात. त्यामुळे काय करायचं ते तुम्हाला माहीत होतं, आणि मला काहीच सुचत नव्हतं. दार उघडं ठेव, म्हणालात. फोन हातात धरू नकोस, टेकवून ठेव, हात थरथरतात. भिंतीकडे तोंड करून बसू नकोस, माणसं दिसतील अशी बस. थर्मासमधला चहा पायरीवर ठेवून तुम्ही मागे सरलात. आजोबा तळमजल्याची खिडकी उघडून, टोपी काढून उभे राहिले.

आमच्याकडचं नेटवर्क तुम्हाला काय सांगू! चित्र सारखं अडकायचं. दादा फोन धरून चालत होता, आंब्याची झाडं दिसायची, मग नुसता आवाज, मग काहीच नाही. ते बंद पडलं की तुम्ही म्हणायचात, "वडिलांविषयी सांग." मी सांगायचे. ते शिक्षक होते, शाळेत चालत जायचे, पावसात विद्यार्थ्यांच्या छत्र्या स्वतः मोजून ठेवायचे. पुन्हा चित्र आलं की तुम्ही गप्प. अग्नी दिला तेव्हा चित्र चालू होतं. तुम्ही क्रूस केलात, आजोबा काहीतरी पुटपुटले. बराच वेळ कुणी हललं नाही.

तुमच्या लोकांत मेलेल्या माणसाला एकटं ठेवत नाहीत, शेजारीपाजारी रात्रभर घरात असतात, चहा आणि सँडविचं फिरत राहतात, हे मी तुमच्याकडूनच ऐकलं. आणि शंभर-दीडशे वर्षांपूर्वी पोरगं अमेरिकेला निघालं की घरचे आदल्या रात्री तशीच रात्र जागवायचे, कारण ते परत दिसणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असायचं. दूर राहून रडायचं कसं, हे तुमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या शिकलेलं आहे. त्या सकाळी ते सगळं तुम्ही माझ्यासाठी वापरलंत. शेजारधर्म हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले, पण तो इतका मोठा असू शकतो असं वाटलं नव्हतं.

आठवड्यानं एक कार्ड आलं. आत छापील प्रार्थना, धर्मगुरूंची सही आणि शाईनं लिहिलेलं बाबांचं नाव, स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. तुमच्या गावच्या चर्चमध्ये त्यांच्या नावानं मिस्सा होणार होती. बंद दारांच्या आत, फक्त कॅमेऱ्यासमोर, रॉसकॉमनच्या धर्मगुरूंनी मालवणच्या निवृत्त मास्तरांसाठी प्रार्थना केली. आईला फोटो पाठवला तर ती म्हणाली, "आपल्या वाडीत फर्नांडिसांकडे असतं तसंच की." पुढे टपाल सुरू झाल्यावर मी ते कार्ड तिच्याकडे पाठवलं. बाबांच्या फोटोच्या चौकटीत ते खोचलेलं आहे. येणाऱ्या प्रत्येकाला ती ते दाखवते.

मग तो डिसेंबर. 8 तारखेला कॉव्हेंट्रीत पहिली लस मार्गारेट कीनन यांना दिली, त्या मूळच्या उत्तर आयर्लंडमधल्या एनिस्किलनच्या. आजोबांना याचा केवढा आनंद! 19 तारखेला गेलिक फुटबॉलचा ऑल-आयर्लंड अंतिम सामना होता, मेयो विरुद्ध डब्लिन, रिकाम्या क्रोक पार्क मैदानावर. मेयोनं 1951 नंतर तो चषक जिंकलेला नाही. आजोबांनी दार उघडं टाकून टीव्ही मोठा लावला, आम्ही जिन्यात बसलो, तुम्ही फोनवर. मेयो हरला. त्याच दिवशी लंडनमध्ये पुन्हा कडक निर्बंध जाहीर झाले, आणि दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीपासून आयर्लंडनं ब्रिटनहून येणारी विमानं बंद केली. तुमची बॅग भरलेली होती. आई गेल्यानंतरचा तो पहिला नाताळ होता, थडग्यापाशी जायचं होतं. ते तुम्ही आम्हाला सांगितलंसुद्धा नाहीत. 25 तारखेला दारात ताटं आली, आमच्या ताटांवर 'मांस नाही'. तुम्ही घरी जाऊ शकला नव्हतात, हे आजोबांनी जानेवारीत सांगितलं.

मराठी वाचकांना एक सांगावंसं वाटतं. ही मदत एका भल्या बाईच्या स्वभावातून आली, पण स्वभावावरच चालली नाही. त्यामागे केंद्रं आहेत, कॅम्डन चौकातलं लंडन आयरिश सेंटर तर 1954 पासूनचं. आयर्लंडचं सरकार 2004 पासून एमिग्रंट सपोर्ट प्रोग्रॅममधून परदेशातल्या अशा संस्थांना पैसे देतं, कारण एके काळी या माणसांनी पाठवलेल्या पैशावर तिकडची घरं उभी राहिली. कोण एकटं आहे, कुणाला कमी ऐकू येतं, कुणाची कवळी सैल आहे, हे त्यांच्या वहीत आधीच होतं, म्हणून मार्चमध्ये फोन लगेच सुरू झाला. आपल्याकडे सण दणक्यात होतात, आणि ते व्हायलाच हवेत. पण इंग्लंडमधली आपली पहिली पिढीही आता ऐंशीच्या घरात आहे, मुलं दुसऱ्या शहरांत आहेत, आणि आपल्यातलं कुणीही "मला मदत हवी" म्हणणार नाही. आम्ही काही मैत्रिणींनी तशी वही सुरू केली आहे. मंगळवारी माझी पाळी असते. फोनवर मी विचारते, "आज भाजी कुठली केली? मेथी मिळाली का?" हे मी कुठून उचललं ते तुम्हाला कळेलच.

आजोबा ठीक आहेत, कवळी नवीन बसवली आहे. हे पत्र मी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं, छत्र्यांचा भाग दोनदा. सामन्याबद्दल लिहायची गरज नव्हती, असं त्यांचं म्हणणं आहे.

ताई, आभार मानले की तुम्ही लगेच "त्यात काय एवढं" म्हणता. या वेळी तसं लिहून पाठवू नका. पत्र मिळालं, इतकंच कळवा.

तुमची,
वरच्या मजल्यावरची