मामांना सांगा, फोटो येईल

पॅरिस,
रविवार, 18 जानेवारी

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार. आजीच्या पाया पडते.

आजी म्हणाली म्हणून कागदावर लिहिते आहे. व्हिडिओ कॉलवर माझं तोंड दिसते, पण "काय बोलली ते ध्यानात राह्यत नाही" म्हणे. गोलू, तू वाचून दाखवशील तेव्हा मधलं काही गाळू नको. शेवटचंही.

तब्येत ठणठणीत आहे. जेवणाचं रोज बोलतोच आपण. जवसाची चटणी अजून अर्धी बरणी आहे. पुरवून खाते आहे आई, उपाशी राहत नाही.

आता टॉवरचं. मामांना स्थळाकडे पाठवायला माझा आयफेल टॉवरसमोरचा साडीतला फोटो पाहिजे. गावात सगळ्यांना वाटते मी टॉवरच्या सावलीतच राहते. सोळा महिने झाले तरी मी तिथे गेले नाही, हे खरं आहे. आमचं होस्टेल पॅरिसच्या बाहेर आहे. आरईआर बी नावाची लोकल, मग सां मिशेलला उतरून दुसरी. जायला कोणी अडवलं नव्हतं, पण दर वेळी वाटायचं, तुम्ही आल्यावर सगळे मिळून जाऊ. असो. 8 फेब्रुवारीच्या रविवारी जायचं ठरवलं आहे. एकटी नाही, केरळची मैत्रीण आहे सोबत.

लिफ्टने जायचं तर तिकीट आधी ऑनलाइन काढलेलं बरं. पायऱ्यांचं तिकीट स्वस्त. दुसऱ्या मजल्यापर्यंत 674 पायऱ्या, त्यावर शेंड्याला फक्त लिफ्ट. आम्ही पायऱ्याच चढणार. पैसे वाचवायला नाही, उगाच तसं मनात आणू नका. आई गुडघा दुखत असताना माहूरला रेणुकेच्या पायऱ्या चढली, मग मला काय झालं? फोटो मात्र खालून नीट येत नाही. नदीच्या पलीकडे ट्रोकाडेरो म्हणून उंचवटा आहे, तिथून पूर्ण टॉवर मावतो. सकाळी लवकर गेलं की गर्दी नसते.

बाबा, तुम्ही विचारलं होतं, एवढं लोखंड गंजत कसं नाही? गंजतेच. म्हणून साधारण दर सात वर्षांनी रंगवतात, तेही ब्रशने, हाताने. एका वेळी साठ टन रंग लागतो. लोखंड 7,300 टन, तुकडे 18,038 आणि रिव्हेट 25 लाख. उन्हाळ्यात आपल्या गोठ्यावरचं टिन दुपारी तडतडते ना, तसाच हाही उन्हाने फुगतो आणि काही इंच उंच होतो. 1889 च्या प्रदर्शनासाठी उभा केला, तो फक्त वीस वर्षांसाठी. 1909 मध्ये उतरवायचा होता. पण तोवर वरून बिनतारी संदेश पाठवायला उपयोगी पडायला लागला, मग राहूनच गेला.

तिथे खिसेकापू असतात, हे आईने टीव्हीवर पाहिलंच आहे. पर्स पोटाशी धरीन. कोणी कागदावर सही मागितली तर थांबणार नाही. आणि अमरावतीच्या बसस्टँडवर काय कमी असतात?

इथली एक गोष्ट मात्र मला अजून पुरती कळली नाही. दुकानात शिरलं की आधी "बोंजूर" म्हणायचं. म्हणजे नमस्कार. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? पण न म्हणता काही मागितलं तर ती बाई तुमच्याकडे बघतच नाही! पहिल्या आठवड्यात मी पावाच्या दुकानात गेले आणि आपल्या सवयीने सरळ बोट दाखवून म्हटलं, एक द्या. ती हात पुसत शांतपणे म्हणाली, "बोंजूर." मला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून मी परत मोठ्याने मागितलं. ती परत, "बोंजूर, मादमोआझेल." मागे रांग थांबली. कानापर्यंत लाल झाले, मग म्हटलं एकदाचं बोंजूर, तर अशी हसून पाव देते जणू मी आताच आत आले! बसमध्ये चढताना ड्रायव्हरलाही म्हणायचं. आणि त्याच माणसाला त्याच दिवशी दुसऱ्यांदा म्हटलं की पंचाईत, सकाळचं विसरली वाटते यांना. आपल्याकडे किराणावाला काका मी पायरी चढायच्या आधीच "काय गं, साखर काय?" विचारतो. त्याला नमस्कार केला तर घाबरेल, म्हणेल उधारी वाढवायला आली.

बरं. आता जे सांगायचं राहिलं ते.

मामांना फोटो पाठवीन, पण मे महिन्यात पाहायला बोलावू नका. मला एका प्रयोगशाळेत काम मिळालं आहे, मार्चपासून सहा महिने. चांगलं आहे, पैसेही मिळतील. म्हणजे वैशाखात येणं नाही. दिवाळीला नक्की. मुलाकडचे थांबत असतील तर थांबू दे, नसतील तर राग मानू नका. मी नाही म्हणत नाहीये, फक्त आता नको म्हणते आहे. आई, रडू नको, मी खरंच मजेत आहे.

कापूस घरातच पडून आहे हे मला गोलूकडून कळलं. तुम्ही का नाही सांगितलं बाबा? 25 हजार टाकले आहेत. ते कर्जाच्या व्याजाला भरा, माझ्या लग्नाचे म्हणून बाजूला ठेवू नका. जास्त पाठवता येत नाही, कारण विद्यार्थ्याला इथे वर्षाला 964 तासच काम करता येते, कायदाच तसा आहे. आणि वावर विकायचं मनात आणू नका. कर्ज माझ्या नावाचं आहे, मीच फेडणार.

साडी कोणती नेसू ते आईने कळवावं. वरून कोट घालावाच लागेल, थंडी फार आहे. मामांना म्हणावं, पदर दिसेल एवढा उघडा ठेवीन.

तुमची,
बेबी

ता. क. गोलू, टॉवर वीस वर्षांसाठी होता आणि राहूनच गेला, ते तेवढं आजीसमोर वाचू नको. हे आधी लिहायला पाहिजे होतं, नाही का?