आधी हत्यार, मग पेहराव

प्रिय समीर,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. कॅरेक्टर झकास बनवलंयस यात वाद नाही, पण ‘सोलकॅलिबर सहा’ या हत्यारांनी लढायच्या गेममध्ये तेच कॅरेक्टर घेऊन ऑनलाइन उतरलास की लगेच चितपट होतोस, आणि वर विचारतोस की या गेममध्ये लोकांना एवढं दिसतं तरी काय! दोन्हीचं उत्तर एकच आहे. तू पेहराव आधी ठरवलास आणि हत्यार नंतर. हा गेम मुळात अंतराचा आहे, आणि अंतर ठरतं हत्यारावरून.

नुसत्या हातापायांच्या मारामारीत सगळ्यांची पोच थोड्याफार फरकाने सारखीच असते. इथे एकाच्या हातात पुरुषभर लाठी, तर दुसऱ्याच्या हातात वीतभर पातं. गेममधल्या लढवय्यांपैकी किलिकची लाठी, सुंग मिनाचं लांब दांड्याचं पातं, नाइटमेअरची अजस्र तलवार यांना तू लांब राहिलेलाच हवा असतोस. टाकीच्या दोन आखूड तलवारी किंवा सोफिटियाची ढाल-तलवार घेतलीस तर अंगाशी भिडल्याशिवाय गत्यंतर नाही. व्होल्डोच्या तर दोन्ही मुठींत कट्यारी, आणि तो पाठ फिरवूनही लढतो! सामना सुरू झाला की पहिला प्रश्न ‘कोणती मूव्ह मारू’ हा नसतोच. ‘मी कुठे उभा आहे आणि त्याचं टोक कुठवर येतं’ हा असतो. नाइटमेअरचा वार तुझ्या नाकासमोरून हुकला, की त्याची तलवार परत जागेवर येईपर्यंत तो उघडा असतो. त्या फटीत शिरून मारणं, खरी गंमत तिथे आहे.

आता बटणं. तुझ्या पॅडवर चौकोन म्हणजे आडवा वार, त्रिकोण म्हणजे उभा वार, गोल म्हणजे लाथ आणि फुली म्हणजे गार्ड, म्हणजे वार अडवणं. चारच, पण त्यामागचा हिशेब पक्का आहे. उभा वार सरळ रेषेत येतो, त्यामुळे बाजूला सरकलास की हुकतो. आडवा वार मात्र बाजूला पळणाऱ्याला झोडून काढतो. मग सगळेच आडवे वार का मारत नाहीत? कारण त्यातले बरेचसे वरच्या उंचीवर येतात आणि खाली बसलेल्याच्या डोक्यावरून जातात. बसलेल्याला उठवायला पुन्हा उभा वार लागतो, कारण तो बहुतेक वेळा मधल्या उंचीवर येतो आणि बसून गार्ड धरणाऱ्याला लागतोच. सतत सरकणारा भेटला तर चौकोन, सतत बसणारा भेटला तर त्रिकोण. पहिले काही दिवस एवढं एकच डोक्यात ठेवलंस तरी निम्मे सामने सुधारतील.

आठही दिशांना मोकळेपणी चालता येणं ही या मालिकेची खास चीज. ‘सोलकॅलिबर’ १९९८मध्ये आर्केडवर आला आणि १९९९मध्ये ड्रीमकास्टवर, तेव्हापासून ती चाल आहे. नवखे लोक मात्र ती भीतीपोटी वापरतात, गोल गोल धावत सुटतात. सहाव्या भागात त्याची शिक्षा आहे: धावताना मार लागला की तो ‘रन काउंटर’ धरला जातो आणि वाईट बसतो. म्हणून सरकायचं ते समोरच्याचा उभा वार येणार असा अंदाज असेल तेव्हाच. एक-दोन पावलं, की थांबून गार्ड.

गार्डबद्दलही सांगतो, कारण माझ्या मते तू तिथेच हरतोयस. फुली दाबून बसून राहणं हा बचाव नव्हे. सतत मार अडवत राहिलास तर शेवटी गार्ड फुटतो आणि तू उघडा पडतोस. शिवाय थ्रो, म्हणजे पकडून आपटणं, गार्डला जुमानत नाही. अडवल्यावर लगेच परतफेड करायला शिकायला हवं. गेम सेकंदाला ६० फ्रेम चालतो, म्हणजे एक फ्रेम हा सेकंदाचा साठावा भाग. समोरच्याची एखादी मूव्ह अडवल्यावर तो तुझ्यापेक्षा १४ फ्रेम मागे राहत असेल, तर १४ किंवा त्याहून कमी फ्रेममध्ये लागणारा तुझा वार त्याला चुकवता येणारच नाही, अर्थात तो पोचेल इतक्या जवळ तू असलास तर. सगळे आकडे पाठ करायची गरज नाही. तुझ्या शैलीतला सगळ्यात चपळ वार कोणता आणि थोडा सावकाश पण जबर कोणता, एवढे दोन नीट ठाऊक असले की पुरे. ट्रेनिंग मोडमध्ये समोरच्या पुतळ्याकडून तुला छळणारी मूव्ह रेकॉर्ड करून घे, ती अडव आणि हे दोन वार आळीपाळीने मारून बघ. लागतात की नाही ते तिथल्या तिथे कळतं.

पुढे आणि फुली एकदम दाबलंस की गार्ड इम्पॅक्ट होतो, म्हणजे येणारा वार झटकून समोरच्याचा तोल घालवणं. वेळ चुकली तर मात्र तूच सापडतोस. त्रिकोण आणि फुलीचा रिव्हर्सल एज नवख्यांचा लाडका, कारण तो मार सोसून उलटा वार करतो आणि मग दोघांना समोरासमोर आणून निवड करायला लावतो: उभा आडव्याला हरवतो, आडवा लाथेला, लाथ उभ्याला. दिसायला दिमाखदार आहे, पण जाणत्यापुढे वारंवार वापरलास तर तो सरळ थ्रो करेल, नाहीतर ब्रेक अटॅक, म्हणजे असा बचाव भेदणारा खास वार, मारेल. दोन्हीपुढे रिव्हर्सल एज पडतो.

रिंगच्या कडेला पाठ करून उभं राहू नकोस. पूर्ण ताकद शिल्लक असली तरी बाहेर पडलास की राउंड गेला. अ‍ॅस्टारोथसारखा थ्रोवाला समोर असेल तर कडेपासून चार पावलं आतच लढ. सोल गेज, म्हणजे लढताना भरत जाणारी ताकदीची पट्टी, पुढच्या राउंडमध्येही टिकतो, म्हणून हरलेल्या राउंडच्या शेवटी घाबरून क्रिटिकल एज, म्हणजे ती पट्टी खर्चून मारायचा सगळ्यात मोठा वार, उधळू नकोस. तो अडवला गेला तर जबर शिक्षा बसते.

आता तुझा आवडता विषय. कॅरेक्टर बनवण्याची सोय या मालिकेत २००५च्या तिसऱ्या भागापासून आहे. २००८च्या चौथ्या भागात कपड्यांना ताकदीचे आकडे जोडले होते, त्यामुळे छान दिसणारा अंगरखा काढून कुरूप चिलखत चढवायची पाळी यायची. २०१८च्या सहाव्या भागाने हे टाकलं ते उत्तम केलं. समोरासमोरच्या सामन्यात पेहरावाने मार वाढत नाही की घटत नाही. तुझं कॅरेक्टर मूळच्या एका लढवय्याची शैली जशीच्या तशी उचलतं. राक्षसी देह दिलास म्हणून टाकीची शैली संथ होत नाही, आणि काटकुळ्या पोरीला अ‍ॅस्टारोथची कुऱ्हाड दिलीस तर ती कुऱ्हाड अ‍ॅस्टारोथच्याच वेगाने फिरते.

तू दिसायला भारी म्हणून आयव्हीची शैली घेतलीस. ती उलगडणारी तलवार सुंदर आहेच, पण नवख्याने धरायची नाही. एडिटमध्ये जाऊन शैली बदल, चेहरा-कपडे तसेच राहतात. मित्सुरुगी घे, त्याच्याकडे मध्यम पोच आणि सरळ, समजतील असे वार आहेत. अंगाशी भिडायची आवड असेल तर सोफिटिया.

शैली पक्की झाली की मग सजावट, आणि तीही शैलीकडे बघून. सामन्यात कॅमेरा लांब असतो. भुवयांवर घालवलेला वेळ कोणाला दिसत नाही, लांबून दिसते ती आकृती आणि रंग. दोन मुख्य रंग, एक उठावाचा, आणि सगळ्या धातूंची छटा एकच ठेव. वेगवेगळ्या संचांतले तुकडे जोडले की सोनेरीच्या तीन छटा एकत्र येतात आणि सगळं भाड्याच्या कपड्यांसारखं दिसतं. प्रत्येक तुकड्याचे रंग हाताने बदलून जुळवून घे.

वरून चिकटवायच्या वस्तू शरीराच्या ज्या भागाला लावतोस त्याच्याबरोबर हलतात. त्यांची जागा, कोन आणि आकार बदलता येतो, म्हणूनच लोक साध्या वस्तू ताणून त्यांचे पंख, शेपट्या, वाट्टेल ते बनवतात. पण एडिटच्या पडद्यावर कॅरेक्टर उभं असतं, सामन्यात ते वाकतं, लोळतं, गिरक्या घेतं. खांद्यावरचं मोठं चिलखत हात वर गेला की गालात घुसतं, कारण प्रत्येक तुकडा स्वतंत्र बनवलेला आहे आणि दुसऱ्याची जागा त्याला माहीत नाही. घोळदार झग्यातून उंच बुटांची टोकं बाहेर येतात ती याचमुळे. सेव्ह करण्याआधी ट्रेनिंग मोडमध्ये बस, पड, उठ, थ्रो कर, एक क्रिटिकल एज मार. जे घुसतं ते लहान कर, नाहीतर काढून टाक.

आणखी एक, जे फार लोक विसरतात: लीथल हिट, म्हणजे ठरावीक परिस्थितीत लागणारा खास जबर वार, बसला की वरचा पेहराव तुटतो आणि आतला थर दिसतो. म्हणून आतल्या कपड्यांचेही रंग जुळवून ठेव, नाहीतर तुझा दिमाखदार सरदार निम्मा सामना भलत्याच अवतारात लढेल.

माणूस, सरडामानव, यंत्रमानव, जिवंत सांगाडा धरून एकूण १६ जाती आहेत. बाकीच्या वापरून बघ, पण पहिलं लढाऊ कॅरेक्टर माणूसच ठेव. स्वतःचे हात आणि हत्यार स्पष्ट दिसले तर अंतराचा अंदाज लवकर येतो.

शैली बदललीस की कळव, मग सामना ठेवू.

कळावे,
तुझा,
निखिल

ता. क. त्रिकोण आणि फुली एका अंगठ्याने एकदम दाबताना बहुतेक वेळा एकच लागतं आणि नुसता उभा वार निघतो. बटणांच्या सेटिंगमध्ये ही जोडी आणि क्रिटिकल एजची तीन बटणं खांद्याच्या बटणांवर नेमून घे.