ऑपरेशनआधीचा शेक अर्धवट सुटू नये म्हणून: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

मिरजेत कॅन्सर रुग्णांसाठी सरकारी निवास हवा, एवढ्या एका मागणीसाठी हे पत्र लिहितो आहे.

गुदाशयाची (मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाची) कॅन्सरची गाठ पुढच्या टप्प्यात गेली असेल, तर ऑपरेशनआधी रेडिएशन देतात. आमच्या जत-आटपाडीकडे त्याला शेक म्हणतात. नेहमीच्या पद्धतीत हा शेक सोमवार ते शुक्रवार रोज असतो, 28 वेळा मिळून 50.4 ग्रे (ग्रे हे रेडिएशन मोजण्याचे माप), सोबत केमोच्या गोळ्या. म्हणजे साडेपाच आठवडे. मशीनवर रोजची काही मिनिटे, पण जतेहून मिरजेला एसटीने जायलाच दोन-अडीच तास लागतात आणि तितकेच परतायला. ज्याला दिवसातून आठ-दहा वेळा संडासला पळावे लागते, त्याने त्या गाडीत बसायचे कसे?

माझ्या चुलतभावाने हेच केले. आधी कित्येक महिने मूळव्याध समजून चूर्ण खाल्ले (रक्त पडते म्हटल्यावर बोटाने तपासायला हवे होते, ते कुणी केले नाही). मग शेक सुरू झाला आणि डाळिंबाच्या बागेचे काम आल्यावर मधला आठवडा बुडाला. खोली घेऊन राहायला पैसे नव्हते. शेकात असा खंड पडला की उरलेल्या पेशी पुन्हा वाढू लागतात आणि आधीच्या उपचाराचा जोर कमी होतो.

हा शेक ऑपरेशनआधी का, हेही सांगायला हवे. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या जर्मन अभ्यासात आधी केमो-रेडिएशन घेतलेल्यांपैकी 6 टक्के रुग्णांना पाच वर्षांत त्याच जागी गाठ परत आली, तर ऑपरेशननंतर घेतलेल्यांत हे प्रमाण 13 टक्के होते. आधी दिल्याने त्रासही कमी झाला. गाठ आक्रसली तर काहींचे गुदद्वार वाचते, पोटावरची संडासाची कायमची पिशवी टळते. शेक संपल्यावर ऑपरेशनला काही आठवडे थांबावे लागते, तेव्हा घरचे घाबरतात, पण त्या काळातही गाठ लहान होत असते. हे समजावून सांगणारा एक समुपदेशक प्रत्येक रेडिएशन विभागात असावा.

पाच दिवसांत 25 ग्रे देण्याचीही एक पद्धत आहे. ती सगळ्यांना चालत नाही, एमआरआय पाहून तज्ज्ञच ठरवतात. पण ज्याला चालते, त्या लांबच्या रुग्णासमोर हा पर्याय मांडला गेलाच पाहिजे. घर किती दूर आहे, हेही केसपेपरवर लिहिलेले असावे.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेने उपचाराच्या खर्चाचा मोठा भार उचलला, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. पण रुग्ण वॉर्डात दाखल नसतो, रोज येऊन शेक घेऊन जातो. त्याचा महिनाभराचा मुक्काम आणि सोबत्याची बुडालेली मजुरी घरच्यांच्याच अंगावर पडते. शेळ्या विकून हे भागवलेली माणसे मी पाहिली आहेत.

मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या परिसरात किंवा जवळपास साधी वीस-पंचवीस खोल्यांची इमारत उभी करा. खोलीला लागून संडास, दोन वेळचे मऊ जेवण आणि एका सोबत्याला जागा, इतके पुरे. माण-खटावच्या रुग्णांसाठी साताऱ्याचाही असाच विचार व्हावा. येत्या अर्थसंकल्पात याची तरतूद करावी, ही विनंती.

आपला,
जत तालुक्यातील एक रहिवासी